वीस पानं पुढे

पंढरी जगदाळेला वेळ विचारली, तर तो आधी मनगटावरचं घड्याळ बघतो, मग भिंतीवरचं, आणि दोन्ही जुळली तरच सांगतो. त्याची बायको शकू पाहुण्यांना सांगते, "मला बघायला आले आणि पसंती विचारली, तर म्हणाले असतील, उद्या परत रीडिंग घेऊन कळवतो." पाहुणे हसतात, पंढरीही हसतो. सत्तावीस वर्षं तो बॉयलर सांभाळतोय. बॉयलरवाल्याने पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

कारखाना मानपाड्याच्या एमआयडीसीत. तिथे कापडाचे रंग बनतात आणि रंगांना वाफ लागते. बॉयलर हाऊस म्हणजे पत्र्याची उंच शेड. आत इतका आवाज की कानात रबरी प्लग घालूनच बसावं लागतं. एक टेबल, एक खुर्ची, एक घड्याळ. दर तासाला उठायचं, वाफेचा दाब बघायचा, पाणी बघायचं, रजिस्टरात लिहायचं. बॉयलरला एक उभी काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाळी सुरू झाली की पहिलं काम त्या नळीचं: खालचा कॉक उघडून ती रिकामी करायची आणि पाणी पुन्हा वर चढतंय ना ते बघायचं. पेटत्या बॉयलरचं पाणी नळीत सारखं थोडं थोडं हलत असतं. ते एकाच रेषेवर गप्प उभं राहिलं, की समजायचं, गाळ अडकलाय, काच दाखवतेय ते खोटं आहे.

"हलताय तवर खरा," हे पंढरीला पहिल्या आठवड्यात शिकवलं ते संदेशने.

संदेश मढवी शीळफाट्याजवळच्या गावचा. आजोबा मिठागरावर, बाप शेतात आणि मिठागरावर, आणि त्याच्या काळात शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. घराचा बंगला झाला, दारात गाडी आली, पण संदेशने नोकरी सोडली नाही. भाऊबंद चिडवायचे, "काय र, मालक मानूस आनि पान्याच्या नळ्या धुतो." तो म्हणायचा, "घरान बसून काय करू? फरशीच्या टायला मोजू?" पंढरी आला होता साताऱ्याकडच्या माण तालुक्यातून, आयटीआय करून, एका पिशवीत दोन शर्ट घेऊन. डोंबिवलीत ओळखीचं कुणी नव्हतं. पंढरीची पाळी सकाळी सात ते तीन, संदेशची तीन ते अकरा. म्हणजे दोघांची भेट रोज दुपारी तीनला, दहा मिनिटांची. दोघेही कानातले प्लग काढायचे आणि शेडच्या दाराशी, जिथे आवाज जरा कमी, तिथे उभे राहून कामाची देवाणघेवाण करायचे. दाब किती, पाणी किती, कुठला व्हॉल्व्ह गळतोय. सत्तावीस वर्षांची मैत्री, पण एकूण बोलणं मोजलं तर रोजचं दहा मिनिटं.

मधे पुस्तक आलं म्हणून ती टिकली.

'बारा बंदरं' ही कादंबरी संदेशने ग्रंथप्रदर्शनातून आणली होती, पहिला खंड. येसू नावाचा नाखवा, त्याचं गलबत, आणि लहानपणी वादळात हरवलेला त्याचा धाकटा भाऊ. येसू भावाला बंदरोबंदरी शोधत फिरतो. एका खंडात एक बंदर. संदेशच्या आजोबांनी मिठागरातलं मीठ गलबतांवर चढवलेलं, त्यामुळे त्याला त्यात घरचं काहीतरी सापडलं. तो पुस्तक टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून घरी जायचा. पंढरीने कंटाळा आला म्हणून एका सकाळी ते उघडलं. माणमधल्या पोराने समुद्र नीट पाहिलाही नव्हता. चार दिवसांत तो संदेशच्या पुढे गेला, आणि पाचव्या दिवशी तीन वाजता दाराशी उभा राहून सहज म्हणाला, "येसूचा बाप बुडायला नको होता पण."

संदेश त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने कानात प्लग घातले आणि आत गेला. आठ दिवस तो पंढरीशी दाब आणि पाणी सोडून एक शब्द बोलला नाही.

नवव्या दिवशी त्याने शंभर पानी वही आणली, खिळ्याला टांगली आणि आत दोन रकाने आखले. एकावर पं, दुसऱ्यावर सं. "आजपासून नियम," तो म्हणाला. "पाळी संपली का पानाचा आकडा लिवायचा. पुढे असेल त्यानं तोंड उघडायचा नाय. आनि कोनी जास्त पुढे जायाचा नाय. एक प्रकरन पुढे गेला, का थांबायचा. मागचा येईस्तवर थांबायचा. समजला?"

पाइपांच्या जोडात घालतात त्या गॅस्केटच्या लाल शीटमधून त्याने दोन खुणा कापल्या. पंढरीची चौकोनी, स्वतःची माशाच्या आकाराची. एकाच पुस्तकात दोन खुणा, कधी ही पुढे, कधी ती. कोणी बोलण्याच्या बेतात आहे असं दिसलं, की दुसरा कानात बोटं घालायचा. प्लग काढलेल्या कानात बोटं घालून उभे असलेले दोन बाप्ये बघून सुपरवायझर म्हणायचा, "बॉयलरची वाफ डोक्यात गेली दोघांच्या."

खंड संपला की मग मात्र तोंडं उघडायची. दोघांच्या साप्ताहिक सुट्ट्या जुळवून एक दिवस ठरायचा. गावामागे मढव्यांचा शेवटचा एक तुकडा विकायचा राहिला होता. त्याच्या बांधावर, चिंचेखाली दोघे सकाळी बसायचे ते ऊन उतरेपर्यंत. संदेशची बायको भावना तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी पाठवायची. येसूने असं का केलं, तसं का नाही केलं, भाऊ जिवंत आहे की नाही. या बसण्याला त्यांनी नाव दिलं नव्हतं. "बसायचं कधी?" एवढंच विचारायचे. अकरा खंडांची अकरा बसणी झाली. अकराव्याला येसू म्हातारा झाला होता आणि समोर एकच बंदर उरलं होतं.

आणि तिथे लेखक थांबला. एक वर्ष, दोन वर्षं. कुणी म्हणे आजारी आहे, कुणी म्हणे त्यालाच शेवट सुचत नाही. अकरा वर्षं गेली. पंढरीच्या मुलीचं लग्न झालं, संदेशची शिवानी इंजिनिअरिंगला गेली, बॉयलर तेलावरून गॅसवर आला. तीन वाजता दोघांपैकी एक विचारायचा, "काय खबर बाराव्याची?" आणि दुसरा म्हणायचा, "येतोय." वही खिळ्यालाच होती.

गेल्या दिवाळीच्या आधी संदेश एका दुपारी रजिस्टर लिहिताना थांबला. "पंढरी, हा सात हाय का एक?" त्याने विचारलं. सात होता. पंढरीने चष्म्यावर ढकललं. पंधरा दिवसांनी ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात मेंदूत गाठ दिसली. ऑपरेशन झालं, जेवढी निघाली तेवढी काढली. डॉक्टरांनी भावनाला बाहेर बोलावून महिने सांगितले, तेही एका हाताच्या बोटांवर मावणारे.

जानेवारीत बारावा खंड आला.

पंढरी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी डोंबिवली स्टेशनजवळच्या दुकानात गेला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा दोन प्रती घेतल्या. पाचशे चाळीस पानं. तिथून रिक्षा करून थेट संदेशच्या घरी. खिडकीशी पलंग लावला होता. संदेशचं डोकं भादरलेलं, चेहरा औषधांनी सुजलेला. शब्द एकेक शोधून यायचे, विहिरीतून घागर वर येते तसे. पुस्तक हातात घेऊन त्याने ते नाकाशी नेलं.

"आला," तो म्हणाला.

"आला. नियम तेच. रोज आकडा पाठवायचा मोबाइलवर. मी वहीत लिहितो." पंढरीने खिशातून माशाची खूण काढून त्याला दिली. "आणि संपलं की बसायचं. बांधावर गाडी जाते का रे तुझी?"

"जाते," संदेश म्हणाला. मग बराच वेळ शोधून, "भाकऱ्या… भावनाला सांग."

"आतापासून?" भावना म्हणाली. "आधी वाचा तर, भाऊजी. तुमी दोघा महिनाभर लावता." तिने त्याच दिवशी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.

पंढरीचं गणित साधं होतं. संदेश घरी पडून आहे, त्याला वेळच वेळ. मागे पडणार तो पंढरीच. कारण संदेश आजारी रजेवर गेल्यापासून त्याच्या जागी माणूस भरला नव्हता. पंढरी सकाळी सात ते संध्याकाळी सात, आणि कंत्राटातला गोविंदा रात्रीचा. बारा तास उभं राहून घरी आल्यावर डोळे मिटायचे. तरी दिवसाला बारा पानं तरी झालीच पाहिजेत, म्हणजे मार्चमध्ये बसता येईल. मार्चपर्यंत संदेश आहे, असं तो धरून चालला होता.

वाचायचं, आणि शेवट कुणाकडून कळू द्यायचा नाही. दुसरं जास्त अवघड होतं. अकरा वर्षं तहानलेली माणसं पुस्तकावर तुटून पडली होती. वाचनालयाच्या ग्रुपवर चौथ्याच दिवशी कुणीतरी रडणारे चेहरे टाकले; पंढरी ग्रुपमधून बाहेर पडला. डब्याला बसला की कानात प्लग. कारखान्याच्या लॅबमधली कल्पिता, पोरीच्या वयाची केमिस्ट, पाण्याचा नमुना न्यायला रोज यायची. तिने ते चार दिवसांत संपवलं होतं.

"पंढरीकाका, कुठवर?"

"एकशे बारा."

"अजून? काका, मी तर ऑफिसात रडले. फक्त एकच हिंट देऊ? अगदी छोटी."

पंढरीने दोन्ही कानांत बोटं घातली. ती नमुन्याची बाटली घेऊन हसत गेली.

संदेशचे आकडे रोज संध्याकाळी यायचे. पहिले आठ दिवस तो मागेच होता. नवव्या दिवसापासून त्याने गती घेतली आणि पुढे गेला. पंढरीने आपला आकडा पाठवला, की तासाभरात त्याचा यायचा. एकशे आठ, एकशे अठ्ठावीस. एकशे वीस, एकशे चाळीस. पंढरी ते दोन रकान्यांत लिहायचा आणि त्याला बरं वाटायचं. गडी वाचतोय. डोकं चालतंय. डॉक्टर काहीही सांगोत.

"रविवारी जाऊन या की," शकू म्हणायची. "माणूस आजारी आहे."

"जाऊन काय करू? तो पुढे आहे, मी मागे. तो बोलायला जाणार, मी कानात बोटं घालणार. त्यापेक्षा रविवारी पन्नास पानं उरकतो."

"पुस्तकाला भेटायला तुमच्याकडे वेळ आहे."

"त्याच्यासाठीच वाचतोय ना," पंढरी म्हणाला, आणि तो ते मनापासून बोलला. सहा रविवारांत तो दोनदा गेला. त्यातल्या एकदा संदेश झोपला होता.

होळीच्या दिवशी, तेरा मार्चला, संध्याकाळी मेसेज आला. "५४०. संपलं. तू ये लवकर."

पंढरी तेव्हा चारशे वीसवर होता. त्याने मेसेज दोनदा वाचला. संदेशने नियम मोडला होता, एका दमात शेवटापर्यंत गेला होता. पंढरीला राग आला, आणि त्या रागाखाली काहीतरी थंड सरकलं. माणूस नियम केव्हा मोडतो? जेव्हा थांबायला वेळ नसतो तेव्हा. त्याने येत्या मंगळवारची सुट्टी टाकली आणि डब्याच्या वेळेतही वाचायला लागला. भात एका हाताने, पुस्तक दुसऱ्या.

रविवारी तो गेला. चारशे अडुसष्टवर खूण घालून, पुस्तक पिशवीत घेऊन. गावात शिमग्याचा जळका खांब अजून उभा होता. पलंग खिडकीशीच होता, पण संदेश आता उशांच्या आधाराने बसवलेला, डावा हात मांडीवर ठेवल्यासारखा. भावनाने खुर्ची सरकवली. "दोन दिवस तुमचाच नाव घेतान," ती म्हणाली. "पंढरी आला का, पंढरी आला का." ती चहा ठेवायला गेली.

संदेशने उजव्या हाताने पंढरीचं मनगट धरलं. पकड अजून बॉयलरवाल्याची होती.

"पंढरी," तो म्हणाला. "ऐक… मना…"

"अंहं."

"ऐक ना. मना तुला…"

"एक अक्षर नाही," पंढरी म्हणाला, आणि मनगट सोडवून घेऊन त्याने दोन्ही कानांत बोटं घातली, अगदी तशीच, तीन वाजता दाराशी घालायचा तशी. "नियम तू केलास. बाप बुडाला म्हणून आठ दिवस बोलला नव्हतास. बहात्तर पानं राहिलीत माझी. दोन दिवस दे. मंगळवारी सुट्टी टाकलीय. सकाळी येतो, तुला गाडीत घालतो, बांधावर नेतो. मग बोल काय बोलायचं ते, संध्याकाळपर्यंत बोल."

संदेशचे ओठ हलत होते. कानांत बोटं असल्याने पंढरीला ऐकू आलं नाही. तो हसत मान हलवत राहिला. मग संदेशचे ओठ थांबले. त्याने थोडा वेळ पंढरीकडे बघितलं. नंतर तोंडाची उजवी बाजू वर गेली, हसल्यासारखी, आणि त्याने चादरीवरची दोन बोटं उचलली. दोन दिवस.

"दोन दिवस," पंढरी म्हणाला, आणि बोटं काढली.

मग चहा झाला. संदेशने डोळे मिटले. पंढरी लवकर निघाला. त्याला घरी जाऊन वाचायचं होतं.

सोमवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटं झाली असताना तो पाचशे अकराव्या पानावर होता. येसूचं गलबत बाराव्या बंदरात शिरत होतं. टेबलावरचा फोन थरथरला. आवाजात ऐकू यायचा नाही म्हणून तो डोळ्यांसमोरच ठेवायचा. शिवानी. तो बाहेर दाराशी आला, प्लग काढले, आणि तिने सांगितलं ते ऐकलं.

पेटता बॉयलर सोडून जाता येत नाही. तो कायदाच आहे. परवानाधारक माणूस समोर उभा असल्याशिवाय हलायचं नाही. गोविंदा रात्रपाळी करून दिवा गावातल्या घरी झोपलेला, त्याचा फोन बंद. सुपरवायझरने त्याला उठवून आणायला माणूस पाठवला. तोवर पंढरीने तीनचं रीडिंग घेतलं. दाब, पाणी, तापमान. अक्षर बिघडलं नाही. मग चारचं घेतलं. सव्वाचारला गोविंदा धावत आला आणि पंढरी निघाला. तो शीळफाट्याला पोचला तेव्हा गाड्यांची रांग रस्त्याखालच्या मोरीपर्यंत होती. त्याने रिक्षा सोडली आणि पळत सुटला, बावन्न वर्षांचा माणूस, पायात कारखान्याचे लोखंडी टोकाचे बूट. स्मशानात तो पोचला तेव्हा चिता पेटली होती. तो मागे उभा राहिला. ज्वाला कशी धरते, धूर कुठे जातो, हे त्याला न बघताही कळत होतं, आणि तेच त्याला नको होतं.

तिसऱ्या दिवशी कारखान्यातली माणसं कंपनीच्या गाडीने भेटायला गेली. पंढरीही त्यांच्यात. येताना कल्पिता त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. एमआयडीसीचा फाटा आल्यावर म्हणाली, "काका, तुम्ही दोघं म्हणजे ना, मला सारखं येसूचंच आठवतंय. भाऊ अख्खा जन्म त्याच्याच गलबतावर, रोज त्याला जेवण वाढत होता, आणि येसूला कळलं ते शेवटच्या…" ती थांबली. तिने तोंडावर हात ठेवला. "काका. तुमचं संपलं नव्हतं ना?"

"असू दे," पंढरी म्हणाला.

"मी असं कसं, सॉरी काका, मला वाटलं…"

"असू दे, पोरी."

दीड महिना त्याने ग्रुप सोडले, डब्यावर कान बंद केले, मित्रासमोर कानांत बोटं घातली, ते हे होतं. गाडीच्या खिडकीतून बाहेर बघताना त्याला एवढंच वाटलं, की हे संदेशकडून ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं. रविवारी त्याला हेच सांगायचं होतं. त्याने सांगितलं असतं, मी आठ दिवस रुसलो असतो. तेही कशाला, एक दिवस.

तेरावं झाल्यावर शिवानीने त्याला घरी बोलावलं. भावना भिंतीला टेकून बसली होती. शिवानीने वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक आणून त्याच्या हातात दिलं.

"बाबांचं आहे. तुमच्याकडेच राहू दे."

पंढरीने ते उघडलं. लाल मासा शहाण्णवाव्या पानावर होता. त्याने पुढची पानं चाळली. ती अजून एकमेकांना चिकटून होती, कुणीही न उलगडलेली.

"ही खूण सरकली वाटतं," तो म्हणाला.

शिवानीने आईकडे बघितलं. मग म्हणाली, "सरकली नाही, काका. बाबा त्याच्यापुढे गेलेच नाहीत. अक्षरं हलतात म्हणायचे. मी म्हटलं मी वाचून दाखवते, तर नको म्हणाले. पंढरीच्या आधी कुणाकडून ऐकायचं नाही म्हणाले."

"आकडे रोज यायचे की मला."

"मी टाकायचे. तुमचा आला की बाबा विचारायचे, पंढरीचा किती. मी सांगायचे. मग म्हणायचे, वीस मिळव आन् टाक. मी मागे राहिलो तर तो थांबेल, म्हणाले. माझ्यापायी त्याचं राहून जाईल."

पंढरी पुस्तकाकडे बघत होता. एकशे आठ, एकशे अठ्ठावीस. एकशे वीस, एकशे चाळीस. दोनशे चार, दोनशे चोवीस. रोज वीस. एकही दिवस एकोणीस नाही, एकही दिवस एकवीस नाही. बत्तीस दिवस त्याने स्वतःच्या हाताने ते शेजारी शेजारी लिहिले होते. नळीतलं पाणी एका रेषेवर गप्प उभं होतं आणि सत्तावीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाने कॉक उघडून बघितलं नाही.

"आणि ते, संपलं म्हणून आलं ते?"

"ते होळीला. म्हणाले, संपलं असं टाक, म्हणजे तो येईल."

पंढरीने पुस्तक मिटलं. "वहिनी," तो म्हणाला, "मग रविवारी… त्याला मला काय सांगायचं होतं?"

भावनाने पदर नाकाला लावला. "मना नाय सांगला, भाऊजी. मीपन इचारला. म्हनला, पंढरीला सांगतो. तुमाला नाय का सांगला? तुमचा हात धरला होता ना त्यान."

"नाही," पंढरी म्हणाला. "मी ऐकलं नाही."

तिला वाटलं, संदेशला बोलता आलं नसेल. ती म्हणाली, "शेवटी बोलनाच जड जात होता त्याला." पंढरीने तिला दुरुस्त केलं नाही. तिच्यासाठी ते बरं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. नळी रिकामी केली, पाणी चढताना बघितलं, सातचं रीडिंग लिहिलं. मग खिळ्यावरची वही काढली. रजिस्टरातला चुकीचा आकडा खोडायचा नसतो. त्यावर आडवी रेघ मारायची, शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. हेही त्याला संदेशनेच शिकवलं होतं. पंढरीने पेन घेतलं आणि सं-च्या रकान्यात पहिल्या खोट्या आकड्यावर टेकवलं. एकशे आठच्या शेजारी एकशे अठ्ठावीस. टोक तिथेच राहिलं, शाईचा एक ठिपका फुटला.

त्याने पेनाला टोपण लावलं. सत्तावीस वर्षांत त्याने एकही खोटं रीडिंग जागेवर राहू दिलं नव्हतं. ही बत्तीस राहू दिली.

मेमध्ये नवा माणूस भरला आणि पाळ्या पुन्हा आठ तासांच्या झाल्या. नवा चांगला आहे, काम जाणतो, पण त्याची पाळी चारला सुरू होते. वेळा थोड्या बदलल्या आहेत. कल्पिता अधूनमधून घाबरत विचारते, "काका, वाचलंत का पुढचं?" पंढरी म्हणतो, "थांबलोय." एकोणतीस पानं राहिली आहेत. दोन्ही प्रती ड्रॉवरमध्ये आहेत, एक चौकोनी खूण पाचशे अकरावर, एक मासा शहाण्णववर. पुढच्याने थांबायचं असतं.

तीन वाजले की तो मनगटावरचं घड्याळ बघतो, मग भिंतीवरचं. रीडिंग लिहितो. कानातले प्लग काढतो आणि शेडच्या दाराशी, जिथे आवाज जरा कमी असतो, तिथे जाऊन उभा राहतो. दोन्ही हात खाली. दहा मिनिटांनी पुन्हा प्लग घालतो आणि आत जातो.